२००३ची बोर्दो लेकीसाठी मागवावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेकीचा जन्म २००३चा. भाऊ लंडनहून येतोय. त्या वर्षीची फ्रान्सच्या बोर्दो भागातली रेड वाइन फार थोर म्हणून तुम्ही वाचलंय, तर एक बाटली मागवावी का आणि ती खरोखर तेवढी चांगली आहे का?

जरूर मागवा. पण नुसता २००३ हा आकडा बघून घेतलीत तर फसाल. त्या वर्षी कुठली बाग कुठल्या जमिनीवर उभी होती, हे आधी बघावं लागतं.

मी दिंडोरी तालुक्यात वाइनची द्राक्षं पिकवतो, त्यामुळे या सालाकडे मला बागेतूनच बघता येतं. त्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात युरोपावर उष्म्याची लाट आली. बोर्दोत ४ ऑगस्टला पारा ४०.७ अंशांवर गेला. हा उच्चांक पुढे २०१९पर्यंत टिकला. एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं दगावली. वाइनचे गुण मोजताना हे विसरलं जातं, मला मात्र ते दरवेळी आठवतं.

चाळीस अंश आपल्याला नवे नाहीत. पण आपल्याकडे ते ऊन येतं तेव्हा वेलीवर माल नसतो. एप्रिल छाटणी उरकलेली असते आणि ठिबक चालू असतं. तिथे ही आग आली ती नेमकी मण्यांत पाणी उतरायच्या वेळी. त्यातून नामांकित भागांतल्या माल धरलेल्या बागांना पाणी द्यायला तेव्हा कायद्यानेच मनाई होती.

पस्तीसच्या पुढे वेल पानांवरची छिद्रं मिटून घेते. साखर तयार होणं मंदावतं, पण मण्यातलं पाणी उडतच राहतं, म्हणून गोडी भराभर चढल्यासारखी दिसते. रात्रीही उकाडा असला की आंबटपणा जळत जातो. मण्याची साल आणि बी मात्र पिकण्यात मागेच राहतात. ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, मोजलीत तर यंत्र म्हणतं तोडा, आणि बी चावून बघितलीत तर ती हिरवी, कडू लागते. पिकलेली बी भाजलेल्या दाण्यासारखी कुरकुरते. त्या वर्षी बोर्दोच्या कितीतरी बागांत यंत्र एक सांगत होतं आणि बी दुसरंच. ज्यांनी यंत्राचं ऐकून घाई केली, त्यांची वाइन गोडसर आणि तरीही तुरट निघाली. आंबटपणा इतका घसरला होता की एरवी तिथे सहसा न चालणारी गोष्ट, म्हणजे बाहेरून आम्ल घालणं, त्या वर्षासाठी खास मंजूर करावी लागली.

आणखी एक गोष्ट. दमट हवेच्या वर्षांत रोग नको म्हणून घडांभोवतीची पानं काढतात. २००३मध्ये ज्यांनी सवयीने ती आधीच काढली होती, त्यांचे घड उघड्यावर भाजले, मण्यांचे बेदाणे झाले. ज्यांनी सावली राखली, त्यांची बाग तरली.

सगळ्यात जास्त फटका बसला तो मेर्लोला. हा वाण लवकर पिकतो, आणि बोर्दोतल्या पोमरोल भागात तो बराचसा वाळूमिश्रित, खडेमाती असलेल्या जमिनीवर आहे. तिथे 'ल पँ' नावाची चिमुकली बाग आहे, जगातल्या महागड्या वाइनांत तिचं नाव येतं. त्यांनी २००३ची वाइन काढलीच नाही. तेव्हा सालाचा एवढा गाजावाजा होता की लेबल लावलं असतं तर हवा तो भाव मिळाला असता. तरीही त्यांनी तो माल आपल्या नावाने विकला नाही. त्या सालाचं याहून प्रामाणिक परीक्षण मला तरी दुसरं दिसलेलं नाही.

आता उलट बाजू. बोर्दोतल्याच मेदोक पट्ट्याच्या उत्तरेला सँतेस्तेफ गाव आहे. वर खडे, पण खाली चिकणमाती, म्हणजे पाणी धरून ठेवणारी जमीन. शेजारी जिरोंदची खाडी. तिकडे जुनी म्हण आहे की चांगल्या बागेतून पाणी दिसतं. एरवीच्या थंड वर्षांत हीच चिकणमाती आडवी येते, वाइन राठ आणि कडक होते. २००३मध्ये तिनेच वेलींना जगवलं. तिथला काबर्ने सोव्हिन्यों हा वाण उशिरा पिकतो, त्यामुळे ऊन उतरल्यावर त्याला सावरायला वेळही मिळाला. तिथल्या मोंत्रोझ आणि को देस्तुर्नेल या बागा आणि शेजारच्या पोयाक गावातल्या लातूर व लाफित, यांनी त्या वर्षी खरोखर मोठी वाइन केली.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही बागायतदार तिकडे पाहणीला गेलो होतो, तेव्हा २००३च्या तीन बाटल्या एकाच टेबलावर चाखायला मिळाल्या. पहिली एका साध्या बागेची मेर्लो. कडेला विटकरी रंग, वास जुन्या मनुकांचा, आणि घोट गेल्यावर सुपारी चावल्यासारखं तोंड कोरडं. तिचा काळ संपलेला होता. दुसरी मोंत्रोझ. गडद रंग, आधी करवंदासारखं फळ, मग देवदाराच्या लाकडाचा वास, आणि तुरटपणा पिकल्या जांभळाचा, म्हणजे जीभ धरणारा पण हवासा. आंबटपणा मला अजून थोडा हवा होता, पण घोट लांबवर राहिला.

तिसरी बोर्दोतल्याच सँतेमिलियाँ भागातल्या पावी या बागेची. हिच्यावरून २००४च्या वसंतात मोठा वाद झाला होता. इंग्लंडच्या समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन यांनी तिला २०पैकी १२ गुण दिले आणि ही बोर्दोपेक्षा उशिरा तोडलेल्या झिन्फांडेल या द्राक्षाच्या वाइनसारखी लागते असं लिहिलं. अमेरिकेचे समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी तिलाच अगदी वरच्या रांगेत बसवलं. ही मतं पिंपातल्या कच्च्या वाइनवर दिलेली होती, कारण तिथे बाटली भरायच्या आधीच सौदे होतात. आपल्या कोकणात मोहोरावर आंब्याची बाग देतात ना, तसंच. मला ती वाइन खजुरासारखी दाट, गोडसर आणि मद्याने गरम लागली. कारागिरी पक्की आहे, हे मान्य. पण ती कुठल्या मातीतली आहे हे घोटातून कळेना, म्हणून माझं मत रॉबिन्सनबाईंकडे झुकतं. तुम्हाला भरदार, गोडसर वाइन आवडत असेल तर तुम्ही पार्करांच्या बाजूने जाल, त्यात काही चूक नाही.

लेकीचं वर्ष दुसरं असतं तर मी सरळ २००५ सुचवली असती. तेव्हाही पाऊस कमी होता, पण असा जाळ नव्हता, आणि तिच्यात आंबटपणा शाबूत आहे.

भावाला सांगताना सँतेस्तेफ नाहीतर पोयाक सांगा. झेपत असेल तर मोंत्रोझच. बाटली आधी कुठे ठेवलेली होती हे दुकानदाराला विचारायला लावा. १२-१३ अंशांत राहिलेली हवी, कुणाच्या स्वयंपाकघराच्या फळीवरची नको. उजेडासमोर धरून पातळी बघावी, ती बाटलीच्या मानेत असावी, खांद्याखाली उतरली असेल तर सोडून द्यावी. घरी आल्यावर एक-दोन दिवस उभी ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल. उघडल्यावर हळूच दुसऱ्या भांड्यात ओता, गाळ दिसला की थांबा. तासन्‌तास उघडी ठेवू नका, या वयाच्या वाइनचा वास पटकन उडतो. जेवायला मटणाचा रस्सा झणझणीत करू नका, तिखटाने तुरटपणा चढतो. त्या दिवशी अळणी मटण किंवा आळवलेलं, कमी तिखटाचं सुकं करा.