मालकाला काय सांगू?

पोरी,

मेसेज वाचला. आपल्याकडे येणाऱ्या त्या बाईला एचआयव्ही आहे का, असं तिचा मालक तुला विचारतोय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला तो टॉवेल कारखान्याचा मालक तुला भला वाटतो. 'कामावरून काढणार नाही, फक्त खरं काय ते सांगा, हलकं काम देतो.' असेल भला. तरी सांगायचं नाही. तिनं ठरवल्याशिवाय नाही.

भल्यांचाच मला जास्त धाक आहे. वाईट माणूस निदान उघड भांडतो. भला मालक मुकादमाला म्हणतो 'जरा सांभाळून घ्या', मुकादम घरी बायकोला सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या नळावर बातमी हजर. आणि हलकं काम कशाला? गोळ्या नियमित चालू आहेत, शिलाई मशिनवर ती इतरांइतकीच बसते. मशिनवरून कुणाला लागण होत नाही, हे तुला मी सांगायचं का आता?

२०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा पुन्हा काढून वाच. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तिच्या लेखी संमतीशिवाय तुला तोंड उघडता येत नाही. जोडीदाराबाबत अपवाद आहे, तोही आधी समुपदेशन करून, आधी तिला कल्पना देऊन. मालकाचा अपवाद मला दाखव बरं! काढलंच तिला, तर ऑम्बुड्समनकडे, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाऊ. त्याला तीस दिवसांत आदेश द्यावा लागतो. कोर्टात टोपणनावानं लढता येतं. कायदा नव्हता तेव्हाही, १९९७ साली, मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं होतं की काम करू शकणाऱ्याला केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारता येणार नाही. तो कामगार निकालात आजही फक्त 'एमएक्स' आहे. जिंकला, आणि नावही राखलं.

मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. एका विडी वळणाऱ्या बाईबद्दल मी तिच्या सख्ख्या भावालाही सांगितलं नाही. तो मदतच करणार होता म्हणे. २००४मध्ये सरकारी दवाखान्यांतून मोफत औषधं सुरू झाली, त्याआधीच ती गेली. भाऊ अजून माझ्याशी बोलत नाही. सांगितलं असतं तर शेवटचे महिने तिला घरचं जेवण मिळालं असतं, हे मलाही कळतं. पण तिनं 'नको' म्हटलं होतं. तिचा 'नको' मोडून तिचं भलं करणारी मी कोण? आणि तू तरी कोण?

तेव्हा आधी तिला विचार. ती 'हो' म्हणाली तर लिहून घे, काय सांगायचं आणि कुणाला तेही तिच्याच शब्दांत. 'नाही' म्हणाली तर मालकाला एकच ओळ: 'आम्ही कुणाबद्दलही माहिती देत नाही.' 'त्यांच्याबद्दल' असं चुकूनही लिहू नकोस. ती आपल्याकडे येते हे त्यातूनच फुटतं. फोनवरही हेच. आणि रजिस्टर टेबलावर उघडं टाकून चहाला जात जाऊ नकोस.

तुझी,
ताई