मलेरियाची लस आणि रूपं बदलणारा परजीवी

प्रश्न : मलेरियाची लस पुण्यात तयार होते असं वाचलं. मग आमच्या मुलांना ती का मिळत नाही? आणि गोवराच्या लशीसारखं पक्कं संरक्षण का देत नाही?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधली आर-२१ ही लस फक्त फाल्सिपेरम जातीच्या परजीवीवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये तिची शिफारस केली. सध्या ती आफ्रिकेतल्या बाळांना देतात : पाचव्या महिन्यापासून ३ डोस आणि साधारण वर्षानं चौथा. आपल्याकडे व्हायवॅक्स ही मलेरियाच्या परजीवीची दुसरी जातही आहे, त्यावर ती चालत नाही.

आता संरक्षणाचं. गोवराचा विषाणू लशीच्या दृष्टीनं सगळीकडे सारखाच. फाल्सिपेरमची मात्र जनुकंच ५,००० हून अधिक. त्यांतली सुमारे ६० आलटूनपालटून वापरून तो तांबड्या पेशीवरचं प्रथिन बदलत राहतो. म्हणून रक्तातल्या अवस्थेवर लस करणं फार अवघड.

आर-२१ आणि तिच्या आधीची आरटीएस,एस या दोन्ही लशी डासाच्या चाव्यातून यकृताकडे निघालेल्या परजीवीला गाठतात. त्याच्या अंगावरच्या सीएसपी प्रथिनाचा मधला भाग बहुतेक वाणांत (म्हणजे एकाच जातीतल्या उपप्रकारांत) सारखा, पण टोकाचा भाग वाणागणिक वेगळा. लशीत ३डी७ या एकाच वाणाचा नमुना आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५ ते १७ महिन्यांच्या मुलांना आरटीएस,एसमुळे जुळणाऱ्या वाणापासून वर्षभरात सुमारे ५० टक्के संरक्षण मिळालं, न जुळणाऱ्यापासून ३३ टक्के. जुळणारे वाण मुळात दहांत एकही नव्हते! मालीत एएमए-१ या प्रथिनावरच्या लशीत ही दरी आणखी मोठी निघाली : एकूण १७ टक्के, जुळणाऱ्या वाणाविरुद्ध ६४. त्यामुळेच आरएच-५ सारख्या, फारशा न बदलणाऱ्या प्रथिनावरचं काम आम्हाला जास्त आशादायक वाटतं.

प्रश्न : व्हायवॅक्स निघाला, ३ दिवस गोळ्या घेतल्या, बरं वाटलं. दोन महिन्यांनी पुन्हा थंडीताप. नवीन प्रकार शिरला का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : डास नव्यानं चावलेला असू शकतो, पण आधी शंका यकृतात दडून राहिलेल्या परजीवीची घ्यावी. क्लोरोक्विन ३ दिवसांत रक्त साफ करतं, यकृत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस, वजनाच्या किलोमागे रोज ०.२५ मिलिग्रॅम. ताप उतरला की लोक हीच गोळी सोडतात. दडलेल्यांतून उठणारा वाण पहिल्यापेक्षा वेगळाही असतो, त्यामुळे मागच्या तापातून आलेली प्रतिकारशक्ती पुरत नाही.

रक्त पुन्हा तपासून घ्या. प्रायमाक्विन मनानं सुरू करू नका : गरोदरपणात आणि वर्षाखालच्या बाळांना ती देत नाहीत, तांबड्या पेशींना जपणारं जी६पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असल्यास रक्तपेशी फुटतात. गोळी चालू असताना लघवी काळपट झाली, तर ती थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.