आफ्टर इफेक्ट्समध्ये (अडोबीचं व्हिडिओ अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) २०० लेयरमधले कुठलेही ४० रँडम कसे सिलेक्ट करायचे?

हातानं कंट्रोल दाबून निवडू नका, डोळा पॅटर्न पकडतोच. मी रत्नागिरीत गणपतीच्या व्हिडिओसाठी झेंडूच्या पाकळ्या अशाच निवडल्या होत्या, आणि त्या पडताना रांगेत पडल्यासारख्या दिसायच्या, अजिबात बरं वाटेना. छोटी जेएसएक्स स्क्रिप्ट (आफ्टर इफेक्ट्सला कामं सांगणारी जावास्क्रिप्टसारखी कोड फाईल) लिहा, लेयरचे नंबर १ पासून सुरू होतात शून्यापासून नाही हे लक्षात ठेवा, सगळे नंबर एका यादीत घ्या, मॅथ डॉट रँडमनं (रँडम आकडा देणारी कमांड) यादी पिसा आणि पिसलेल्या यादीतल्या पहिल्या ४० नंबरांच्या लेयरचं सिलेक्टेड ट्रू करा. फाईल मेनूतल्या स्क्रिप्ट्समधून चालवा. आणि हो, सिलेक्शन झाल्या झाल्या त्यांना वेगळा लेबल कलर द्याच, म्हणजे नंतर सिलेक्ट लेबल ग्रुपनं तेच ४० परत मिळतात, नाहीतर एक क्लिक चुकली की गेलं सगळं.