आता थेट सुप्रीम कोर्टात जाऊ का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा आम्ही खाली हरलो, हायकोर्टातही हरलो. आता एक जुना फेरफार हाती लागलाय. तो सुप्रीम कोर्टात दाखवला तर निकाल फिरेल का?

उत्तर: हायकोर्टाच्या वर अपील करायचा आपल्याला हक्कच असतो असं बहुतेकांना वाटतं, पण तुमच्यासारख्या केसमध्ये सहसा घटनेच्या कलम १३६ खाली स्पेशल लीव्ह पिटिशन म्हणजे एसएलपी टाकावी लागते, आणि ती फक्त अपील करू द्या अशी विनंती असते, कोर्ट नाही म्हणालं की विषय तिथेच थांबतो. मुदत साधारण हायकोर्टाच्या निकालापासून ९० दिवस. फाइलमध्ये अगदी सुरुवातीला केसचा गोषवारा आणि तारखांची यादी असते, कुठल्या साली दावा लावला, कधी साक्षी झाल्या, कधी निकाल लागला वगैरे, आणि बेंचसमोर त्या दिवशी अशा डझनावारी फाइल्स असतात, त्यामुळे तुमच्या पंधरा-वीस वर्षांच्या भांडणाचं भवितव्य काही मिनिटांत ठरू शकतं. कोर्ट त्यात बघतं काय, तर कायद्याचा काही मोठा प्रश्न आहे का, उघडउघड अन्याय झालाय का. कोण खरं बोलतंय, बांध कुठे होता, सही कुणाची, हे तिथे पुन्हा तपासत नाहीत.

आता तुमचा फेरफार. एसएलपीत खालच्या कोर्टापुढे जे होतं तेवढंच मांडायचं असतं, नवीन कागदासाठी वेगळा अर्ज करून तो आधी का दिला नाही ते सांगावं लागतं. आणि फेरफाराने मालकी ठरत नाही, ती नोंद महसुलासाठी असते, हे सुप्रीम कोर्टानेच अनेकदा सांगितलंय. त्यामुळे मला यात फारशी आशा दिसत नाही, खोटा धीर देणं बरोबर नाही म्हणून स्पष्ट लिहितोय. ज्यांचे दावे अजून तालुक्याच्या कोर्टात आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की सगळे कागद, सगळे साक्षीदार तिथेच आणा, वरच्या कोर्टावर काही ठेवू नका.

प्रश्न: आमची एसएलपी एका ओळीत डिसमिस झाली. समोरचे लोक गावभर सांगताहेत की सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल बरोबर ठरवला. खरंय का?

उत्तर: नाही. कारण न देता एसएलपी फेटाळली म्हणजे कोर्टाने फक्त परवानगी नाकारली, हायकोर्टाच्या निकालावर स्वतःचा शिक्का मारला असं होत नाही, हे २००० साली कुन्हयम्मद केसमध्ये स्पष्ट झालंय. हायकोर्टात रिव्ह्यू, म्हणजे त्याच कोर्टाकडून निकालाचा फेरविचार, मागायची वाटही त्याने बंद होत नाही. पण हायकोर्टाचा हुकूम जसाच्या तसा लागू राहतो आणि तो पाळावाच लागतो, हेही लक्षात ठेवा. सुप्रीम कोर्टात रिव्ह्यू करायचा तर ३० दिवस असतात, तो न्यायमूर्ती सहसा चेंबरमध्येच वाचून निकाली काढतात, वकिलाला बोलायची संधी बहुतेक वेळा मिळतच नाही. फाशीच्या केसेसना मात्र २०१४ पासून खुल्या कोर्टात सुनावणी मिळते, आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न असताना ती मिळालीच पाहिजे.

प्रश्न: कलम १४२ खाली सुप्रीम कोर्ट घटस्फोट देतं असं ऐकलं. नवरा सहा वर्षांपासून वेगळा राहतोय. मी थेट तिकडे अर्ज करू का?

उत्तर: ताई, थेट नाही. संपूर्ण न्याय करण्यासाठी लागेल तो आदेश द्यायचा अधिकार कलम १४२ देतं, आणि संसार पुन्हा जुळूच शकत नाही इतका तुटला असेल तर त्याखाली घटस्फोट देता येतो असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०२३ मध्ये म्हटलं, तेही एकाची संमती नसली तरी. पण त्याच निकालात हेही आहे की त्यासाठी रिट, म्हणजे मूलभूत हक्कांसाठीचा थेट अर्ज, टाकून कुणी सरळ सुप्रीम कोर्टात येऊ शकत नाही. फॅमिली कोर्टातूनच सुरुवात करा. आणि नवऱ्याने लांबच्या दुसऱ्या राज्यात केस टाकली असेल आणि तुम्हाला तारखेला जाणं झेपत नसेल, तर ती तुमच्या गावाजवळ आणून द्या म्हणून सुप्रीम कोर्टात ट्रान्सफर पिटिशन करता येते. कित्येक बायकांना याची माहितीच नसते.

प्रश्न: दोन न्यायमूर्ती एक सांगतात, पाच जण दुसरं. मग नक्की सुप्रीम कोर्टाचं म्हणणं कोणतं?

उत्तर: मोठ्या बेंचचं. १९५० मध्ये सरन्यायाधीश धरून आठ जागा होत्या, २०१९ मध्ये त्या ३४ झाल्या, आणि कामकाज बहुतेक दोन-तीन जणांच्या बेंचवर चालतं. घटनेचा अर्थ लावायचा महत्त्वाचा प्रश्न आला की किमान पाच जण बसतात. सगळ्यात मोठं बेंच १३ जणांचं, १९७३ च्या केशवानंद भारती केसचं, आणि तिथे ७ विरुद्ध ६ असा निकाल लागला की संसद घटना बदलू शकते पण तिचा मूळ ढाचा मोडू शकत नाही. एका मताच्या फरकाने! कुठली केस कुठल्या बेंचकडे जाणार हे सरन्यायाधीश ठरवतात, आणि माझ्या मते हा अधिकार इतका मोठा आहे की त्याचे लेखी आणि सगळ्यांना वाचता येतील असे नियम हवेत.

प्रश्न: न्यायमूर्तींना काढता येतं का?

उत्तर: येतं, पण फार अवघड आहे. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश, दोन्ही लागतं. १९९३ मध्ये न्या. रामस्वामींविरुद्धचा ठराव लोकसभेत पडला. नाहीतर ६५ व्या वर्षी निवृत्ती.

प्रश्न: दिल्लीचा वकील परवडत नाही, मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?

उत्तर: सुप्रीम कोर्टाची स्वतःची लीगल सर्व्हिसेस कमिटी आहे, ती मोफत वकील देते. बायकांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना आणि तुरुंगात असलेल्यांना उत्पन्न कितीही असलं तरी हा हक्क आहे, बाकीच्यांना वर्षाला पाच लाखांच्या आत उत्पन्न असावं लागतं. तुमच्या जिल्हा कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला तरी तो पुढे पाठवतात. अर्जासोबत हायकोर्टाच्या निकालाची नक्कल लागेल, तेव्हा तिच्यासाठी आजच अर्ज करा, ९० दिवस बघता बघता जातात.