बांबूच्या धनुष्याची दोरी लवकर तुटते. किती दिवसांनी मेण लावलं तर ती जास्त टिकेल?

मेण लावल्याने दोरी तुटायची थांबते हे तुम्हाला कुणी सांगितलं असेल, त्याचा अंदाज मला आहे. प्रत्येक मैदानावर असे एक दादा असतातच.

आमच्याकडच्या दादांचं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. बाण डावीकडे जातोय? मेण लाव. दोरीचा आवाज येतोय? मेण लाव. आणि मेण म्हणजे काय, तर वीज गेल्यावर लावायची मेणबत्ती! मी तेव्हा तिरंदाजीतला इंडियन राउंड प्रकार खेळायचो, बांबूचं धनुष्य, ३० आणि ५० मीटर. जिल्ह्याच्या निवड चाचणीत ५० मीटरवर माझी दोरी खालच्या लूपपाशी, म्हणजे टोकाच्या फासापाशी, तुटली. बाण समोरच पडला, हातापासून खांद्यापर्यंत हादरा बसला, धनुष्य वाचलं हेच नशीब. दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "मेण लावायचा आळस, दुसरं काय!" तुटलेली दोरी माझ्या हातात होती आणि बोटं मेणाने चिकट झाली होती. पण मोठ्या माणसाला मैदानात उलट कोण बोलणार?

घरी येऊन दोरी उजेडात धरली. मधला भाग जवळजवळ नवा. लूपचे धागे मात्र ब्लेडने कापल्यासारखे एका रेषेत तुटलेले. झिजून तुटलेली दोरी अशी दिसत नाही, ती आधी पिंजते. मग धनुष्याच्या खालच्या टोकाला लूप बसतो त्या खाचेतून कापूस फिरवला, तर तंतू अडकले. बांबूची पाठीकडची साल भलती कडक असते. खाच पाडून तिची कड कुणी मोडली नसेल तर प्रत्येक बाणाला ती लूप थोडा थोडा कापत राहते. बारीक गोल कानस घेतली, कड गोल केली, वरून पॉलिश पेपर मारला, कापूस सुटा निघेपर्यंत. त्यानंतर त्या धनुष्यावर लूपपाशी एकही दोरी तुटली नाही. दादांना नेऊन दाखवलं. खाचेकडे न बघताच म्हणाले, "मेण नीट लावायला लागलास वाटतं."

तर आधी खाच बघा, वरची आणि खालची दोन्ही. लवकर तुटणारी दोरी बहुतेक वेळा तिथेच मरते, नाहीतर बाण लावतो त्या जागी. तिथली सर्व्हिंग, म्हणजे दोरीवर गुंडाळलेला संरक्षक धागा, सैल झाली, सरकायला लागली, की उद्यावर न ढकलता नव्याने गुंडाळा. नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटाची दोरीत बसणारी खाच, फार घट्ट असेल तर सर्व्हिंग लवकर खराब होते. बाण दोरीला लटकवून दोरीवर बोटाने टिचकी मारली की तो सुटला पाहिजे.

आता मेण. ते धागे एकत्र धरून ठेवतं आणि पाणी बाहेर ठेवतं, एवढंच त्याचं काम. दिवस कसले मोजता? दोरीवर लव दिसायला लागली की लावा, पावसाळ्यात जरा जास्त वेळा. मधमाशीचंच घ्या. मेणबत्तीचं पॅराफिन कोरडं पडून पापुद्र्यांनी गळतं. चामड्याच्या तुकड्याने चोळलं की उबेनेच आत मुरतं, ज्योतीवर धरायची गरज नाही. सर्व्हिंगवर थापू नका.

सराव झाला की दोरी उतरवा, बांबूला आराम हवा. पण पिळाची दोरी असेल तर वरचा लूप धनुष्यातून पूर्ण काढू नका, खाली सरकवून तसाच अडकवून ठेवा. सुटा लोंबला तर पीळ उलगडतो, दोरी लांब होते, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणता बाण भलतीकडे का जातायत.

एक धागा जरी तुटला तरी दोरी बदला. दादा गाठ मारून वर मेण लावायचे. तुटलेल्या दोरीचा सगळा जोर धनुष्यालाच झेलावा लागतो, आणि नवी दोरी नव्या धनुष्यापेक्षा फार स्वस्त पडते.

हे सगळं पॉलिएस्टरच्या, म्हणजे डेक्रॉनच्या दोरीबद्दल, हे आधीच सांगायला हवं होतं. डायनीमा या दुसऱ्या कृत्रिम धाग्याची दोरी जवळजवळ ताणतच नाही, टोकं मजबूत केली नसतील तर साध्या बांबूच्या धनुष्याला ती लावू नका. आणि तुम्ही बांबूचं धनुष्य म्हणताना सातपुड्यातल्या भिल्लांचा कामठा डोळ्यासमोर धरला असेल, तर त्याला बांबूचीच चिरलेली पट्टी दोरी म्हणून लावतात. तिथे मेणाचा हा हिशेब लागू नाही.

स्पर्धेला जाताना सोबतची जादा दोरी सरावात वापरून ताणून घेतलेली, नॉकिंग पॉइंट (बाण लावायच्या जागेची खूण) बांधलेली अशीच न्या. कोरी दोरी चढवली तर ती बाणागणिक लांबत जाते, आणि तुम्ही निशाणा बदलत बसता.