शाळेच्या मैदानावर मूल अचानक कोसळलं तर काय तयारी हवी? आमची शाळा जत तालुक्यात, वाडीवर आहे. एईडी (बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं यंत्र) घ्यावं का?

मी शेजारच्या सातारा जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे. यंत्र घ्याच, पण आधी माणसं ठरवा.

पळता पळता पोरगं पडलं की आपल्याकडं पहिली आरोळी उठते, 'फिट आली!' मग कुणी कांदा फोडतं, कुणी चप्पल हुंगवतं. हृदय बंद पडल्यावरही सुरुवातीला हातपाय झटकले जातात, अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास येतो. त्याला श्वास समजायचं नाही. हाकेला ओ नाही आणि श्वास नीट नाही, एवढं दिसलं की छाती दाबायला लागा. नाडी चाचपत बसू नका. छातीच्या मधोमध, साधारण ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. कृत्रिम श्वास द्यायला येत असेल तर ३० दाबांमागे २ श्वास, नाहीतर नुसतं दाबत राहा. दोन मिनिटांत दाबणारा दमतो, म्हणून पाळीला दुसरा हवाच.

आता हे करणार कोण? सराव संध्याकाळी असतो, तेव्हा निम्मा स्टाफ एसटी धरून गेलेला असतो. म्हणून शिपाईमामा, खिचडी शिजवणाऱ्या ताई आणि नववी-दहावीची पोरं, सगळ्यांना शिकवा. सराव डमीवरच करायचा, जित्या मुलावर नाही. १०८ ला फोन कोण करणार, मैदानाचं फाटक कोण उघडणार, फाट्यावर जाऊन गाडीला वाट कोण दाखवणार, हे नावानिशी लिहून ठेवा. वाडीवस्तीवर हा फाट्यावरचा माणूस फार मोलाचा.

एईडी लागतं ते याचसाठी. काहीच केलं नाही तर मिनिटागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि जतच्या वाडीवर गाडी पाच मिनिटांत येणं अवघडच. यंत्र स्वतःच ठोके तपासतं, गरज नसेल तर शॉक देत नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही. मात्र ते मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद नको. (आमच्याकडच्या शाळांत नवी वस्तू आली की आधी तिला कुलूप शोधतात!) ८ वर्षांखालच्या मुलांचे पॅड वेगळे, ते नसतील तर मोठ्यांचेच, एक छातीवर आणि एक पाठीवर लावायचा.

पळताना चक्कर येऊन पडलेलं किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं, असं मूल असेल तर तालुका स्पर्धेआधी डॉक्टरांना दाखवा. हे पालकसभेत विचारा, फॉर्मवर कुणी लिहीत नाही.

पॅड आणि बॅटरी दोन्हींना मुदत असते. खरेदीच्या वेळीच त्यांच्या बदलीचा खर्चही विचारून घ्या.