वाचकांचे प्रश्न: संथ मोर्स आणि निसटलेली अक्षरं

प्रश्न: अमेरिकेतल्या एका एएम केंद्राची मध्यरात्रीची टेस्ट (आपली लहर कुठवर पोचते हे पाहायला केलेलं प्रक्षेपण) मी तिकडच्या किवी-एसडीआर, म्हणजे लांबून इंटरनेटवर चालवता येणाऱ्या रिसीव्हरवरून इंटरनेटवर ऐकली. मार्चची धून, सायरनसारखा चढत जाणारा सूर आणि मधूनच संथ मोर्स (ठिपके-रेघांची सांकेतिक लिपी). मोर्स थोडंफार येतं, तरी नावाच्या चार अक्षरांपैकी दोनच हाती लागली. सरळ बोलून नाव का सांगत नाहीत? आणि बाकीची अक्षरं पकडायची कशी?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: दोन अक्षरं लागली, हे थोडं नाही. बोलणं काही किलोहर्ट्झमध्ये पसरतं. त्याच जागी दुसरी केंद्रं आली की शब्द बुडतात. मोर्सच्या टोनची सगळी ताकद मात्र एकाच जागी असते, बहुधा हजार हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे तो गर्दीतूनही कानाला लागतो.

तुम्ही एएम मोडवरच राहिलात असं दिसतं. यूएसबी मोड घ्या (यात केंद्राच्या फ्रिक्वेन्सीची फक्त वरची बाजू ऐकू येते), केंद्राची फ्रिक्वेन्सी तीच ठेवा आणि पासबँड, म्हणजे रिसीव्हर आत घेतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा, टोनच्या दोन्ही बाजूंना शंभर-दीडशे हर्ट्झपर्यंत आवळा. त्या बाजूला शेजारच्या केंद्राचा त्रास असेल तर एलएसबीवर, म्हणजे खालच्या बाजूवर, जा. टोन दोन्हीकडे सारखाच असतो. इथे संथ गतीचा खरा फायदा कळतो. मिनिटाला पाच शब्दांच्या गतीने डॉट जवळपास पाव सेकंद चालतो, म्हणून फिल्टर इतका अरुंद केला तरी डॉट एकमेकांत मिसळत नाहीत.

तार खात्यात शिकताना आम्हाला डॉट-डॅश मोजू देत नसत. अक्षराचा ठेका ऐकायचा. कमजोर सिग्नलला मी मुद्दाम उलटं करतो. कागदावर अक्षर लिहायचंच नाही, नुसत्या रेघा आणि ठिपके, आवाज बुडाला तिथे मोकळी जागा. नाव पुन्हा आलं की खाली दुसरी ओळ. फेडिंग, म्हणजे सिग्नलची चढउतार, दर वेळी वेगळं अक्षर खातं, त्यामुळे ओळी एकाखाली एक आल्या की भोकं भरत जातात. शिवाय पहिलं अक्षर जवळजवळ ठरलेलं असतं: मिसिसिपी नदीच्या पूर्वेला बहुतेक डब्ल्यू, डिट-डा-डा (डिट म्हणजे डॉट, डा म्हणजे डॅश), पश्चिमेला के, डा-डिट-डा. त्यावर कान बसवा, पुढची अक्षरं कुठे सुरू होतात ते आपोआप कळेल.

न्यूयॉर्कला हिवाळ्यात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेदहा, म्हणून ही टेस्ट घरच्या रेडिओवर मिळणार नाही. सूर्य मावळला की आयनांबरातला लहरी शोषणारा डी थर विरतो, म्हणून या टेस्ट रात्रीच्या. रात्री घरच्या ट्रान्झिस्टरवर लांबची केंद्रं ऐकून मात्र कान जरूर तयार करा. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग चालू असले तर खरखर फार; रेडिओ गच्चीवर न्या आणि आडवा ठेवून हळूहळू फिरवा. आतल्या फेराइट कांडीचं (हीच रेडिओची अँटेना) टोक खरखरीच्या दिशेला आलं की ती एकदम बसते.

आता केंद्राला पाठवायच्या रिपोर्टबद्दल, आणि हे मी आग्रहाने सांगतो. न ऐकलेलं अक्षर इंटरनेटवरच्या यादीत बघून भरू नका. दोन ऐकलीत तर दोनच लिहा, सोबत यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ आणि रेकॉर्डिंग द्या. रिसीव्हर कोणत्या गावचा होता तेही स्पष्ट लिहा. केंद्राच्या इंजिनिअरला आपली लहर कुठवर पोचली हे पाहायचं असतं. नुसतं ‘सोलापूर’ लिहिलंत तर त्याची फसगत होईल.